गाणं विकत घेतलं, पण नक्की काय विकत घेतलं?



दिवाळीच्या तोंडावर आमच्या शनिवारच्या बॅचमधल्या एक काकू क्लास सुटल्यावर मागे थांबल्या. साताऱ्याजवळच्या एका गावात त्या भाजणीचं पीठ, चकली, कडबोळी असं घरून करून विकतात. सुरुवात गल्लीतल्या ऑर्डरींपासून झाली. आता त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर १४० व्हिडिओ आहेत आणि पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी तिथूनच येतात. काकूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. चार व्हिडिओंना कॉपीराइट क्लेम आणि एकाला चक्क स्ट्राइक.

"मॅडम, मी चोरी नाही केली हो," काकू म्हणाल्या. "पोरानं गाणं पैसे भरून घेतलंय. ही बघा पावती."

पावती खरी होती. एका ऑनलाइन स्टोअरमधून गाणं रीतसर डाउनलोड केलेलं, पैसे खात्यातून गेलेले, ईमेलवर बिल आलेलं. काकूंच्या बाजूनं एक रुपयाचीही लबाडी नव्हती. आणि तरीही स्ट्राइक चुकीचा नव्हता. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे त्यांना समजावता समजावता माझा तास गेला. या विषयावरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, पण अकरा मिनिटांत अर्धंच सांगून झालं. उरलेलं इथे लिहिते. मी बीबीए केलंय, कराडला माझं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे, मी वकील नाही. पण स्वतःच्या दुकानाच्या रील्ससाठी ठेचा खाऊन जे शिकले, ते सांगू शकते.

पावती कशाची असते?

आपल्या लहानपणी घरात कॅसेटी असायच्या. कॅसेटच्या आतल्या कागदावर अगदी बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असायची: परवानगीशिवाय कॉपी करणं, जाहीरपणे वाजवणं, प्रसारित करणं यांना मनाई आहे. ती ओळ कुणी वाचली नाही. पण तिचा अर्थ तेव्हाही हाच होता की तुम्ही दिलेले पैसे घरी बसून ऐकण्याचे आहेत. कॅसेट गेली, सीडी गेली, फाइल आली. ती ओळ मात्र कुठेही गेलेली नाही. ती आता "मला अटी मान्य आहेत" या चौकोनाच्या मागे लपलेली असते.

काकूंना मी माझ्याच दुकानाचं उदाहरण दिलं. कार्टूनचं चित्र असलेला टी-शर्ट तुम्ही माझ्याकडून नेलात. टी-शर्ट तुमचा झाला. पोराला घाला, भाच्याला द्या, फरशी पुसा. पण तेच चित्र छापून आणखी शंभर टी-शर्ट विकायला बसलात, तर माझी पावती तुम्हाला वाचवणार नाही. गाण्याचंही तसंच आहे. ऐकणं वेगळं, दुकानात गिऱ्हाइकांसमोर वाजवणं वेगळं, व्हिडिओच्या चित्राला जोडणं वेगळं. या प्रत्येकाचा परवाना वेगळा आणि बिलही वेगळं. व्हिडिओला गाणं जोडण्याच्या परवान्याला या धंद्यात सिंक लायसन्स म्हणतात. काकूंच्या मुलानं घेतलं होतं ते ऐकण्याचं. वापरलं ते जोडायला.

त्यात आणखी एक गुंता. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, आणि स्टुडिओत झालेलं रेकॉर्डिंग ही दुसरी. दोन्हींचे मालक बऱ्याचदा वेगवेगळे असतात. म्हणून "मॅडम, मी मूळ गाणं नाही लावलं, माझ्या भाचीनं गायलंय ते लावलं" हेसुद्धा पुरत नाही. भाचीचा आवाज तुमचा, पण चाल कुणाची?

क्लेम आणि स्ट्राइक यातला फरक इथेच सांगते, कारण बॅचमध्ये दर वेळी गोंधळ होतो. यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे. गाण्यांचे मालक आपली गाणी तिच्यात नोंदवतात आणि तुमच्या व्हिडिओत ते गाणं सापडलं की आपोआप क्लेम लागतो. क्लेम म्हणजे त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे मालकाला जातील, किंवा तो व्हिडिओ दिसायचा बंद होईल. चॅनेलला धोका नसतो. स्ट्राइक वेगळा. मालकानं कायदेशीर विनंती करून व्हिडिओ काढायला लावला की स्ट्राइक येतो. ९० दिवसांच्या आत असे तीन झाले की चॅनेलच बंद होऊ शकतं. काकूंच्या बाबतीत त्याचा अर्थ होता १४० व्हिडिओ आणि तीन वर्षांची गिऱ्हाइकी. आणि घाबरून व्हिडिओ डिलीट केला तरी स्ट्राइक जात नाही, हे लक्षात ठेवा. काकूंनी तेच केलं होतं.

कायद्याचं एक वाक्य, भीती घालायला नाही, माहिती म्हणून. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम ६३मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड लिहिलेला आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. म्हणजे बघा, जी सवलत घरगुती माणसाला आहे, ती आपल्यासारख्या दुकानदाराला मागता येत नाही. "माझा छोटा धंदा आहे हो" हे तिथे चालत नाही, कारण छोटा असला तरी तो धंदाच आहे.

ऐकण्यासाठी घ्यायचं असेल तर

आधी सोपं संपवू. स्वतःला ऐकायला गाणं हवंय, कायमचं, फाइल आपल्याकडे राहील असं.

स्ट्रीमिंगच्या ॲपमधलं "डाउनलोड" बटण हे डाउनलोड नव्हे. ती फाइल त्या ॲपच्या आतच राहते, बाहेर काढता येत नाही आणि सबस्क्रिप्शन संपलं की वाजायची बंद होते. ती भाड्याची खोली आहे. ऐकायला स्वस्त आहे, मीही वापरते, पण मालकी नाही.

मालकीच्या फाइलचा धंदा भारतात करून बघितला गेलाय, आणि ती गोष्ट आपण उद्योजकांनी वाचण्यासारखी आहे. फ्लिपकार्टनं २०१२मध्ये फ्लाइट नावाचं एमपीथ्रीचं दुकान काढलं. गाणं सहा रुपयांपासून! इतक्या मोठ्या कंपनीचं पाठबळ, किंमत वडापावपेक्षा कमी, आणि २०१३च्या जूनमध्ये दुकान बंद. कंपनीनं कारणं सांगितली ती दोन: फुकट चोरीची गाणी सगळीकडे मिळतात, आणि इतकी छोटी रक्कम ऑनलाइन घेण्याची सोपी सोय नाही. तेव्हा यूपीआय नव्हतं, ते आलं २०१६ला. सहा रुपयांच्या विक्रीला कार्डाचा खर्च, ओटीपीची कटकट, व्यवहार फेल गेला की फोन. माल उत्तम, किंमत उत्तम, पण पैसे घ्यायची वाट अरुंद. आज क्यूआर कोडवर पाच रुपयांचा चहा विकणाऱ्याला हे खरं वाटणार नाही.

गूगल प्ले म्युझिकवरही काही वर्षं गाणी विकत मिळायची, ते २०२०च्या अखेरीस बंद झालं. ॲपलचं आयट्यून्स स्टोअर भारतात डिसेंबर २०१२मध्ये आलं. आयफोन वापरणाऱ्यांना तो रस्ता आहे. विकत घेतलेल्या गाण्याला कुलूप नसतं, फाइल कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवता येते.

मला स्वतःला आवडतं ते बँडकॅम्प. २००८पासून चालू आहे. इथे कलाकार स्वतःच आपली गाणी विकायला ठेवतो आणि किंमत तोच ठरवतो. कधी "तुम्हाला वाटेल ते द्या" असंही असतं, शून्य टाकलं तरी चालतं. डिजिटल विक्रीतला १५ टक्के वाटा साइट घेते, कलाकाराची विक्री ५ हजार डॉलरच्या पुढे गेली की १० टक्के. पेमेंटचा खर्च वेगळा जातो, बाकी कलाकाराला. मार्च २०२०पासून ठरावीक शुक्रवारी साइट आपला वाटा सोडते, त्याला बँडकॅम्प फ्रायडे म्हणतात. पैसे भरले की एमपीथ्री घ्या, नाहीतर फ्लॅक नावाचा मोठा, दर्जा न घटवणारा प्रकार घ्या. नवं हिंदी-मराठी फिल्मी गाणं इथे शोधू नका, मिळणार नाही. पण स्वतंत्रपणे काम करणारे भारतीय कलाकार बरेच आहेत. बँडकॅम्पचा खरा उपयोग मी पुढे सांगते, तो धंद्याचा आहे.

फुकट एमपीथ्रीच्या साइटबद्दल एकच. दुकानाच्या ज्या कॉम्प्युटरवर तुमचं बिलिंग आणि जीएसटीचा डेटा आहे, त्यावर असल्या साइट उघडूच नका. गाण्याच्या नावाखाली काय उतरेल त्याचा भरवसा नाही.

व्हिडिओसाठी हवं असेल तर

आता आपला मुख्य विषय. इथे शून्य रुपयांपासून सुरुवात करू, कारण आपल्यातल्या बहुतेकांचं काम शून्यातच भागतं.

यूट्यूब स्टुडिओत डाव्या बाजूला ऑडिओ लायब्ररी आहे. हजारो तुकडे, मूड आणि लांबीप्रमाणे शोधता येतात, डाउनलोड करता येतात. त्यात दोन प्रकार आहेत. एकाला श्रेय देण्याची गरज नाही, दुसऱ्याला व्हिडिओच्या वर्णनात ठरलेला मजकूर टाकावाच लागतो. सुरुवातीलाच "श्रेय आवश्यक नाही" हा फिल्टर लावा, म्हणजे विसरायचा प्रश्न नाही.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी मेटाचं साउंड कलेक्शन आहे. तेही मोफत. पण ते मेटाच्या घरातच वापरायचं. तीच रील उचलून यूट्यूबवर टाकली तर तिथे तो परवाना लागू नाही. आपण सगळे एकच व्हिडिओ चार ठिकाणी टाकतो, म्हणून हा मुद्दा तीनदा वाचा.

इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंट केलं की गाजलेली गाणी गायब होतात, ही तक्रार मला दर आठवड्याला येते. आणि त्यावरचा "जुगाड"ही येतो: क्रिएटर अकाउंट करा, गाणी परत येतात. गाणी येतात हो. पण परवानगी येत नाही. त्यांच्या नियमात स्पष्ट आहे की व्यावसायिक कामासाठी संगीत वापरायचं तर तुमच्याकडे त्याचा परवाना हवा. कपाटाची किल्ली सापडली म्हणजे आतली साडी आपली होत नाही.

तिसरा रस्ता क्रिएटिव्ह कॉमन्स. कलाकार स्वतःच सांगतो की या अटींवर वापरा. अटी इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या असतात आणि त्यांतच आपला पाय अडकतो. बीवाय म्हणजे माझं नाव द्या. एनसी म्हणजे धंद्यासाठी नको, म्हणजे आपल्यासाठी नकोच. एनडी म्हणजे बदल करू नका. इथे मी स्वतः फसले होते. मला वाटलं, मी गाण्यात काही बदललं नाही, नुसतं व्हिडिओमागे लावलं. पण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या नियमात संगीत हलत्या चित्राला जोडणं हाच बदल धरला जातो. त्यामुळे एनडी गेलं. आणि एसए असेल तर तुमचा आख्खा व्हिडिओ त्याच परवान्यावर सगळ्यांना खुला करावा लागतो. थोडक्यात, आपल्याला फक्त साधं बीवाय चालतं. केव्हिन मॅक्लाउड हा अमेरिकी संगीतकार इन्कॉम्पिटेक या साइटवर आपलं संगीत असंच देतो. नाव द्या आणि मोफत वापरा, नाव द्यायचं नसेल तर पैसे भरून परवाना घ्या. श्रेय देताना चार गोष्टी लिहायच्या: तुकड्याचं नाव, संगीतकाराचं नाव, कुठून घेतला आणि कोणता परवाना. "म्युझिक क्रेडिट टू ओनर" एवढं लिहून काही होत नाही. ते म्हणजे चोरीच्या सायकलवर "सायकल मालकाची" अशी चिठ्ठी लावण्यासारखं आहे.

आता पैसे देऊन घ्यायचं. एपिडेमिक साउंड, आर्टलिस्ट अशा सबस्क्रिप्शनच्या साइट आहेत, ऑडिओजंगलसारख्या ठिकाणी एकेक तुकडा सुटा मिळतो. भारतीय कंपन्याही या धंद्यात उतरल्या आहेत. मी कुणाची जाहिरात करत नाही, पण घेण्याआधी तीन गोष्टी बघितल्याशिवाय कार्ड काढू नका.

पहिली, प्लॅन कुणासाठी आहे. स्वस्त प्लॅन बहुधा वैयक्तिक असतो. तुमची रील पीठ, कपडे, क्लास असं काही विकत असेल तर तुम्हाला व्यावसायिक प्लॅन लागतो, आणि तो महाग असतो. जाहिरात म्हणून पैसे लावून रील बूस्ट करणार असाल तर ते त्यात बसतं का, हे वेगळं वाचा.

दुसरी, सबस्क्रिप्शन बंद केल्यावर काय. वर सांगितलेल्या दोन्ही सबस्क्रिप्शनांत चालू काळात प्रसिद्ध केलेले व्हिडिओ पुढेही सुरक्षित राहतात, बंद केल्यावर नव्या व्हिडिओत मात्र ते संगीत वापरता येत नाही. म्हणजे गाणी डाउनलोड करून साठवून ठेवायची आणि सबस्क्रिप्शन बंद करायचं, ही आपली नेहमीची हुशारी इथे चालत नाही.

तिसरी, हिशेब. समजा वर्षाचं सबस्क्रिप्शन १२ हजाराला पडलं. महिन्याला दोन व्हिडिओ करत असाल तर वर्षाचे २४, म्हणजे व्हिडिओमागे ५०० रुपये. पण बहुतेक जण गुढीपाडव्याला उत्साहानं सुरू करतात आणि श्रावणापर्यंत थंड पडतात. वर्षात सहाच व्हिडिओ झाले तर एक व्हिडिओ २ हजाराला पडला. त्यापेक्षा सुटा तुकडा दीड हजाराला घेतलेला परवडला. आधी तीन महिने फुकटच्या लायब्ररीवर नियमित व्हिडिओ करून दाखवा, मग सबस्क्रिप्शनचं बघू. माझ्या बॅचला मी हेच सांगते आणि दर वेळी दोघं-तिघं रुसतात.

पैसे भरताना डॉलरचा भाव दिसतो तेवढाच लागत नाही. बँक परकीय चलनाचा अधिभार घेते, बऱ्याच कार्डांवर तो दोन ते साडेतीन टक्के असतो. कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतील तर बँकेच्या ॲपमधून आधी चालू करा, काम झालं की बंद करा. तुमचा जीएसटी नंबर नसेल तर परदेशी कंपनी १८ टक्के जीएसटी बिलातच लावते. नंबर असेल तर तो रिव्हर्स चार्जनं तुम्हाला भरावा लागतो, तेव्हा सीएला आधी फोन करा. बिल दुकानाच्या नावानं घ्या, म्हणजे खर्चात दाखवता येईल.

आणि घेतल्या दिवशीच एक फोल्डर करा. त्यात बिल, परवान्याची पीडीएफ आणि त्या दिवशीच्या अटींचा स्क्रीनशॉट. साइट अटी बदलतात, बंद पडतात. रीतसर परवाना घेतलेल्या तुकड्यावरही कधी कधी चुकून क्लेम येतो. तेव्हा हेच कागद जोडून हरकत नोंदवायची असते. माझ्याकडे हे फोल्डर आहे म्हणून एक क्लेम निघाला. त्याआधीच्या एका वेळी नव्हतं, तर पैसे भरूनही व्हिडिओ सोडून द्यावा लागला.

बँडकॅम्पचा उपयोग आता सांगते. स्वतंत्र कलाकाराकडे बऱ्याचदा चाल आणि रेकॉर्डिंग दोन्हींचे हक्क स्वतःकडेच असतात. मोठ्या कंपनीत जो परवाना मिळवायला चार दारं ठोठवावी लागतात, तो इथे एका ईमेलवर मिळू शकतो. मी एकाचा तुकडा आधी विकत घेतला, मग साध्या भाषेत लिहिलं: माझं छोटं दुकान आहे, ३० सेकंदांच्या रीलला एवढा भाग लावायचा आहे, यूट्यूब आणि इन्स्टावर राहील, किती घ्याल? दोन दिवसांनी उत्तर आलं, रक्कम माझ्या एका दिवसाच्या गल्ल्यापेक्षा कमी होती. आधी गाणं विकत घेतलेलं होतं म्हणून बोलणं गोडीत झालं असावं. उत्तराचा ईमेल फोल्डरमध्ये ठेवलाय.

"जुनं गाणं आहे, चालतंय की"

नाही चालत. हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही फार आहे, म्हणून थोडं थांबते.

आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं असतो. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मोजणी पुढच्या जानेवारीपासून. गीतरामायण घ्या. १९५५मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, म्हणजे सत्तर वर्षं होऊन गेली. पण गदिमा गेले १९७७ला, त्यामुळे शब्दांचा हक्क २०३७ संपेपर्यंत. सुधीर फडके गेले २००२ला, चालीचा हक्क २०६२ संपेपर्यंत. रामनवमीच्या सेलची रील करणाऱ्यांनी हे आकडे लिहून ठेवावेत.

अभंगांचं आणखी गमतीचं आहे. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यावर कुणाचाही हक्क नाही. पण लताबाईंनी गायलेल्या 'अभंग तुकयाचे'मधल्या चाली श्रीनिवास खळ्यांच्या आहेत आणि ते गेले २०११ला. म्हणजे त्या चालींचा हक्क २०७१ संपेपर्यंत. शब्द घ्या, चाल तुमची लावा, आवाज तुमचा वापरा, मग प्रश्न नाही.

"दहा सेकंदच लावलंय", "वेग वाढवलाय", "आवाज बारीक केलाय" याही अफवाच. दहा सेकंदांची सूट कायद्यात कुठेही लिहिलेली नाही.

दुकानात स्पीकरवर गाणी लावण्याबद्दल थोडक्यात. ते जाहीर वादन आहे. मोबाइलवरचं वैयक्तिक सबस्क्रिप्शन त्याला चालत नाही. रेकॉर्डिंगसाठी पीपीएल आणि शब्द-चालीसाठी आयपीआरएस अशा संस्था परवाने देतात, आणि कोणाकडे कोणत्या कंपनीची गाणी आहेत ते बघून घ्यावं लागतं. धार्मिक विधी आणि लग्नाची वरात यांना कायद्यात सूट आहे. दुकानाच्या उद्घाटनाला नाही. माझ्या चारशे स्क्वेअर फुटांच्या दुकानात मी स्पीकरच काढून टाकला. पोरं आधीच इतका दंगा घालतात की कुणाच्या लक्षातही आलं नाही.

स्वतःची धून करून घ्या

मला विचाराल तर छोट्या धंद्याला सगळ्यात स्वस्त पडतो तो हाच रस्ता, आणि सगळ्यात कमी लोक हा धरतात. आमच्या भागात बेंजो पार्ट्या आहेत, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारी पोरं आहेत, भजनी मंडळात पखवाज वाजवणारे आहेत. लग्नसराई संपली की त्यांच्या हाताला काम नसतं. मी अशाच एका मुलाकडून हलगी आणि कीबोर्डवर ४० सेकंदांची धून करून घेतली. ४ हजार रुपये. तिचे १५, ३० आणि ४० सेकंदांचे तीन तुकडे घेतले. गेली दोन वर्षं माझ्या प्रत्येक रीलला तीच आहे. आता दुकानात आलेलं पोरगं तोंडानं ती वाजवतं.

पण कागद करा. पैसे दिले म्हणजे धून माझी झाली, असं कायदा मानत नाही. पगारी नोकर वेगळा आणि बाहेरून काम करून देणारा वेगळा. हक्क तुमच्या नावावर यायचा तर कलम १९प्रमाणे लेखी करार हवा आणि त्यावर त्याची सही हवी. त्यात धून ओळखू येईल असं वर्णन, रक्कम, आणि दोन गोष्टी न विसरता: मुदत आणि प्रदेश. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. तुमची रील दुबईतला भाचा बघतो, तेव्हा "संपूर्ण जग" आणि "कॉपीराइटची संपूर्ण मुदत" असं स्पष्ट लिहून घ्या. आणि धून त्यानं स्वतः बांधलेली आहे, कुठल्या गाण्यावरून उचललेली नाही, तयार लूप वापरलेले नाहीत, हेही लिहून घ्या. वकिलाकडून एक पानाचा करार होतो. त्या मुलानं माझ्याकडे करार झाल्यावर त्याची झेरॉक्स मागून घेतली. आता तो इतर दुकानदारांनाही तसाच करून देतो, आणि थोडे जास्त पैसे मागतो. बरोबरच आहे.

आता काकूंचं. क्लेम आलेले चार व्हिडिओ आम्ही यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये उघडले. तिथे क्लेम लागलेलं गाणं काढून त्या जागी ऑडिओ लायब्ररीतला तुकडा टाकायची सोय आहे, व्हिडिओ पुन्हा अपलोड करावा लागत नाही, व्ह्यूज जात नाहीत. चारही क्लेम निघाले. स्ट्राइकला मात्र तसा उपाय नाही. मालकानं तक्रार मागे घ्यावी, नाहीतर कॉपीराइट स्कूल नावाचा छोटा पाठ पूर्ण करून ९० दिवस थांबायचं. काकूंनी मुलाला शेजारी बसवून तो पाठ पूर्ण केला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस खोडताहेत.

परवा त्यांनी नवा व्हिडिओ पाठवला. भाजणी दळताना मागे त्यांच्या सासूबाई जात्यावरच्या ओव्या म्हणताहेत, घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या. बाकी काही संगीत नाही, जात्याचा आवाज तेवढा. मी फोन करून म्हटलं, काकू, छान झालाय. सासूबाईंची लेखी परवानगी घेतलीत ना?

"घेतली हो मॅडम. अंगठा दिलाय. पण त्या विचारतायत, चार हजार कधी मिळणार?"